किल्लेदाराच्या डोळ्यातला वडस

पूर्वेच्या डोंगररांगेमागे अजून सूर्याचा पत्ता नव्हता, तरी समुद्राला तो येणार असल्याची वर्दी पोहोचली होती. काळ्या पाण्यावर राखी रेघ उमटली होती, ओहोटीने उघडे पडलेले खडक अंगावरचे शेवाळ निथळत होते, आणि किनाऱ्यापासून तोफेच्या एका माऱ्यावर, चहूबाजूंनी लाटांचे तडाखे खात, शंखगड आपल्या सात बुरुजांनिशी, रात्रभर झोप न लागलेल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरत उभा होता.

गडावर गोड्या पाण्याचे टाके होते, तोफा होत्या, शिबंदी होती. आणि या सगळ्यांहून जुनी अशी एक वहिवाट होती. समोरच्या किनाऱ्यावर जी बोडकी टेकडी, तिच्या माथ्यावर गडाची चौकी होती. रात्र सुखरूप गेली असेल तर चौकीचा नाईक पहाटे काठीवर निशाण चढवी : पांढऱ्या वस्त्रावर तांबडा शंख. चौकी पडायची वेळ आलीच, तर आधी निशाण जाळायचे आणि मग मरायचे, अशी त्याने बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ असे. इकडे गडाच्या पूर्वबुरुजावर किल्लेदाराने जातीने उभे राहायचे, ते निशाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि एकच शब्द खणखणीत उच्चारायचा, ‘दिसलं!’ तो शब्द बुरुजाच्या पायऱ्यांशी उभ्या असलेल्या सरनोबताने झेलून दरवाज्याकडे फेकायचा, आणि मगच अडसर निघून भाताचे पडाव, त्या रुंद होड्या, आत यायचे. दुसऱ्या कोणाच्या जिभेला तो दरवाजा ओळखत नसे; खुद्द हुजूर येऊन उभे राहिले असते तरी त्यांना पहाटेपर्यंत खाऱ्या वाऱ्यात तिष्ठावे लागले असते.

किल्लेदार रुमाजीराव घाग यांनी हा शब्द वर्षानुवर्षे उच्चारला होता. त्यांच्या मागे, सूर्याला अर्घ्य द्यायची तांब्याची लोटी हातात घेऊन, त्यांची पत्नी दर्याबाई उभी राही. अर्घ्याचे पुण्य किती मिळाले ते देव जाणे, पण रोजच्या त्या उभे राहण्याने तिला टेकडीचा प्रत्येक दगड पाठ झाला होता.

त्या मार्गशीर्षातल्या पहाटेही ती अशीच उभी होती. डोंगरामागून सूर्याची पहिली कड निघाली, नेमकी टेकडीच्या पाठीमागून, नेहमीसारखी थेट डोळ्यांत. रुमाजीरावांनी कपाळाशी तळहात धरला, छाती भरून घेतली आणि गर्जना केली, “दिसलं!”

दर्याबाईने टेकडीकडे पाहिले. काठी उघडी होती. काठीवर काहीएक नव्हते.

खाली शब्द झेलला गेला, दरवाजा करकरला. आणि त्यानंतर चांगल्या पाचपन्नास लाटा फुटल्यावर, अडकलेली दोरी सुटावी तसे, शंखाचे निशाण अडखळत वर चढले. अनर्थ घडला नाही. भात आले, मीठ आले, कोळणींचे भांडण आले. पण दर्याबाईने पायऱ्यांकडे पाहिले, तेव्हा खालून आणखी एक जण टेकडीकडेच पाहत होता. सरनोबत सुभानजी खानविलकर; तिचा धाकटा भाऊ, आईमागे तिने कडेवर वाढवलेला. त्याने नजर काढून तिच्याकडे वळवली, तिच्यावरून दाजींच्या पाठीकडे नेली, आणि हसला. लहानपणी चोरून खाल्लेल्या काकवीचा डाग ओठांवर असताना हसायचा, तसा.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

*

“आज काठीवर काय पाहिलंत?” जेवायला वाढताना तिने विचारले.

“रोज काय पाहतो?” रुमाजीराव भाकरी मोडत म्हणाले. “शंख.”

“मला तर नुसती काठी दिसली.”

भाकरीचा तुकडा हातातच राहिला. त्यांचा डावा डोळा फार वर्षांपूर्वी तोफेच्या दारूच्या भडक्यात गेला होता. त्यावर काळी पट्टी असे. उरलेला उजवा त्यांनी ताटावर रोखला. तो लाल होता, पाणी भरलेला, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा एक गुलाबी पापुद्रा, माशीच्या पंखासारखा शिरांनी भरलेला, बुबुळावर सरकला होता. दर्याबाईने तो आज पाहिला असे नाही. दोन वर्षांपूर्वी तो तांदळाच्या कणीएवढा होता. “वाळू गेली,” असे ते तेव्हा म्हणाले होते. वाळू काही निघाली नव्हती.

“बाईसाहेब,” ते हळूच म्हणाले. किल्लेदारांची स्वारी तिला बाईसाहेब म्हणू लागली की समजावे, मामला अवघड आहे. “उन्हाची तिरीप आली की समोर सगळा चुन्याचा सडा होतो. टेकडी कुठं, काठी कुठं, काही कळत नाही. नाईक विश्वासू आहे. कधी चुकलेला नाही. मी... अंदाजानं म्हणतो.”

“किती दिवस?”

“दसऱ्यापासून.”

“आणि वैद्याला दाखवायचं?”

“कशाला? आमच्या तीर्थरूपांना मोतीबिंदू होऊन शेवटी भिंती चाचपाव्या लागल्या. त्याच वाटेनं आमचीही पालखी निघाली आहे. वैद्याला कळलं की गडाला कळेल, गडाला कळलं की हुजुरास. ज्याला ‘दिसलं’ म्हणता येत नाही, त्याच्या कमरेला किल्ल्या ठेवत नाहीत, बाईसाहेब. काढून घेतात. मग या घागांनी कुठं बसायचं? बाजारात?”

तिने ताटात तूप वाढले, गरजेपेक्षा जास्तच. रागावली की तिचा हात सैल सुटत असे.

“आंधळ्यानं पडावं ते खड्ड्यात,” ती म्हणाली. “तुम्ही अख्खा गड घेऊन पडणार आहात. आणि ही गोष्ट मला एकटीलाच कळली असती तर एक वेळ गप्प बसले असते.”

“म्हणजे?”

पण तिने भावाचे नाव घेतले नाही. भाऊ हसला, एवढ्यावरून काय सांगायचे? हसण्याला काही गुन्हा म्हणत नाहीत.

*

दोन दिवसांनी गडावर बातमी पसरली की बाईसाहेबांच्या पाठीवर फोड आला असून तो फोडायला बंदरावरून दाऊद जर्राह येत आहे. बायकांच्या पाठीवरच्या फोडाची चौकशी कोणी मर्द करीत नाही, हे दर्याबाईला इतक्या वर्षांच्या संसारात कळून चुकले होते. आणि झालेही तसेच. पहारेकऱ्यांनी माना खाली घालून दाऊदला आत सोडले.

दाऊद जर्राह नावाजलेला शस्त्रवैद्य होता आणि ते नाव त्याला स्वतःलाच सर्वांत जास्त आवडत असे. दाढी मेंदीने रंगवलेली, बोटे बाईसारखी लांब. त्याने किल्लेदारांना खिडकीशी उजेडात बसवले, पापणी वर उचलली आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्यक्’ असा आवाज केला.

“किल्लेदारसाहेब, भर दुपारी सावलीत बसून सुईत दोरा ओवता येतो?”

“येतो. पगडीचा टाका मीच घालतो.”

“मोतीबिंदूवाल्याला तो येत नाही. त्याची बाहुली आतून राखेसारखी होते. आपली काळीभोर आहे, विहिरीसारखी. बिघाड आत नाही, उंबऱ्यावर आहे. हा वडस.”

“वडस?” दर्याबाई पडद्यामागून पुढे आली. पाठीला फोड असलेली बाई इतक्या चटकन उठत नाही, हे तिच्या ध्यानीही आले नाही.

“मांस वाढतं, बाईसाहेब. नाकाच्या बाजूनं निघतं आणि बुबुळावर चढतं. पण भिऊ नका, हे मांस दुष्ट नव्हे, आगाऊ आहे. जीव घेत नाही, अंगात पसरत नाही, शेजाऱ्याला लागत नाही. आपली जागा सोडून दुसऱ्याच्या ओटीवर पाय पसरून बसतं, एवढाच त्याचा अपराध. तांडेलांच्या, कोळ्यांच्या डोळ्यांत बघा, पुष्कळांना असतो. खारा वारा, वाळू, आणि उघड्या समुद्रावरचं ऊन. साहेब रोज पहाटे काय करतात? उगवत्या सूर्याकडे टक लावून उभे राहतात. मग डोळा बिचारा काय करील? पडदा विणील.”

“म्हणजे हा चाकरीचा प्रसाद,” रुमाजीराव म्हणाले.

“तसं म्हणा. हा बुबुळाच्या काठाशी थांबला असता तर मी हातही लावला नसता. सावलीला बसा, गार पाण्यानं डोळा धुवा आणि वडस विसरा, असं सांगून बिदागी न घेता गेलो असतो. पण याचं टोक बाहुलीशी आलं आहे. तिरपं ऊन त्यावर पडतं आणि फुटतं, म्हणून सकाळी आपल्याला सगळं पांढरं दिसतं. आणखी वर्षभरात दुपारही पांढरी होईल. कोणी मोरचूद घालून जाळायला सांगेल, तर त्याचं ऐकू नका. वडसाबरोबर डोळाही जळतो. हे कापायला लागतं.”

“आणि हात चुकला तर?”

दाऊदने प्रथमच दाढीवरून हात फिरवायचे थांबवले. “साहेबांना दुसरा डोळा नाही, हे मला दिसतंय. मलाही घाम येतो, बाईसाहेब. पण माझा हात चुकेल की नाही, एवढीच धास्ती आहे. वडस मात्र खात्रीनं बाहुलीवर येणार आहे.”

रुमाजीरावांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “पट्टी किती दिवस?”

“तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः सोडीन. तोवर वारा नको, ऊन नको, हात नको.”

“मधल्या पहाटांना ‘दिसलं’ कोण म्हणणार?”

“आपणच,” दर्याबाई म्हणाली. “थंडीचे दिवस आहेत. डोक्यावरून शाल ओढून उभे राहा. खालून कोणाला पट्टी दिसत नाही. मी मागे आहेच. काठीवर शंख चढला की आपलं मनगट दाबीन. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, उसने घ्या.”

“वहिवाट सांगते की किल्लेदाराने स्वतःच्या...”

“दसऱ्यापासून वहिवाट कुठं होती?” तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी, पडाव रिकामे होऊन परतल्यावर, त्याच खिडकीशी शस्त्र झाले. दाऊदने गरम कापडाने डोळा शेकला, सैंधवाची चिमूट वडसावर ठेवली; चुरचुरून ते मांस सैल पडले, सुरकुतले. आकड्याने त्याने ते हलकेच उचलले, खालून रेशमाचा धागा ओवला, आणि नखाच्या कोरीसारखे वाकडे पाते टोकापासून कोपऱ्याकडे, साय काढावी तसे, सरकवत नेले. दर्याबाईने दोन्ही हातांनी नवऱ्याचे डोके छातीशी धरले होते. रुमाजीरावांनी हूं की चूं केले नाही. ते गडावरच्या तोफांची नावे घेत होते, पूर्वबुरुजापासून एकेक. तिसऱ्या बुरुजाशी त्यांचा आवाज फाटला. तरी पुढची नावे त्यांनी घेतली.

“मुळासकट काढा,” ती पुटपुटली. “काय ठेवता ते?”

“कोपऱ्यातला हा मोत्याएवढा भाग आहे ना, तो आसवांचा दरवाजा,” दाऊद मान न उचलता म्हणाला. “रागाच्या भरात तोही कापला, तर डोळा जन्मभर गळत राहतो. आगाऊ तेवढं काढायचं, आपलं ते ठेवायचं. तेवढं ठेवलं म्हणून वडस पुन्हा उगवतो असं म्हणतात. काढलं तरी उगवायचा असला तर उगवतोच.”

मग तुपात कालवलेल्या मधाची घडी बसली, वर पट्टी बांधली गेली, आणि रुमाजीराव घाग, शंखगडचे किल्लेदार, पूर्ण काळोखात गेले.

*

पहिली पहाट सुखरूप गेली. शालीत गुरफटलेले किल्लेदार पायऱ्या चढले, कारण त्या पायऱ्या त्यांचे पाय ओळखत होते. शंख चढला, दर्याबाईने मनगट दाबले, शब्द गरजला. दुसरी पहाटही तशीच गेली. पण तिला वाटू लागले की बुरुजावरच्या वाऱ्यालासुद्धा कान फुटले आहेत.

त्या दिवशी दिवेलागणीला ती टाक्यावर उभी असताना सुभानजी आला. कमरेला नवी तलवार, कानात भिकबाळी, तोंडावर तेच हसू.

“आक्का, फोड कसा आहे?”

“कसला फोड?”

शब्द निसटून गेला. मग सुभानजी इतका मनापासून हसला की टाक्यात आवाज घुमला. “खोटं बोलणं हे आपल्या खानविलकरांचं काम, तू घागांच्या घरात जाऊन ते विसरलीस. दाऊदनं कोणाच्या पाठीचा फोड फोडला ते मला ठाऊक आहे. तुझा हातही बोलतो, आक्का. दोन पहाटा पाहतोय.”

“मग?”

“मग काही नाही. उद्याही दाब.” त्याचे हसू तिथेच होते, डोळे मात्र पाण्याकडे गेले. “काठीवर काहीही असो. तू दाब, दाजी म्हणतील, दरवाजा उघडेल. त्यानंतर जन्मात तुझ्याकडे काही मागणार नाही.”

दर्याबाईने घागर कठड्यावर ठेवली. “उद्या काठीवर निशाण नसेल का, सुभाना?”

“मी तसं म्हटलं?”

“म्हटलं नाहीस. म्हणून विचारते.”

“दाजींच्या केसालाही धक्का लागणार नाही. तसं वचन घेतलंय मी.”

“कोणाकडून?”

उत्तरेकडच्या खाडीत फिरंग्यांची गलबते नांगरून पडली होती, ती तिथून दिसत नव्हती. पण दोघांनीही त्याच दिशेला पाहिले.

“किती वर्षं पायऱ्यांशी उभा आहे मी,” तो एकाएकी कडवट होऊन म्हणाला. “दुसऱ्याचा शब्द झेलायचा आणि पुढं फेकायचा. वर उभा राहणारा आंधळा झाला, तरी शब्द त्याचाच! हुजुरास तीन अर्ज केले. उत्तर काय? ‘किल्लेदार हयात आहेत.’ आहेत ना! हयात असायला डोळे लागत नाहीत. पलीकडच्यांनी एका भेटीत गड माझ्या नावानं लिहून दिला.”

“दुसऱ्याचं घर कोणीही लिहून देतं.”

“आक्का, ऐक.” त्याने तिचे पाय धरले; जसे आई गेली त्या दिवशी धरले होते. “दाजींना सांगितलंस तर ते मला तोफेच्या तोंडी देतील. आणि मी तोंड उघडलं तर आंधळ्याच्या जिभेवर दरवाजा उघडला म्हणून त्यांची मान जाईल. दोघांनाही वाचवायचं तुझ्या एका चिमटीत आहे. फक्त दाब.”

तो गेला. दर्याबाईने घागर भरली, भरल्याचे तिला कळले नाही, पाणी काठावरून वाहत राहिले.

तिने नवऱ्याला सांगितले नाही. शहाण्या बाईने सांगितले असते. पण तिच्या मनात लहानपणचा सुभाना होता, जो आंब्याच्या शेंड्यावर चढायच्या पैजा मारी आणि दरवेळी शेवटच्या फांदीवरून रडत माघारी येई. ती त्या फांदीवर भिस्त ठेवून बसली. उद्या शंख चढेल, ती मनगट दाबील, आणि ही संध्याकाळ टाक्यात बुडून जाईल. बहिणी अशाच चुका करतात. आई झालेल्या बहिणी तर हटकून करतात.

*

तिसरी पहाट धुक्याची होती. किल्लेदार शाल ओढून उभे राहिले. दर्याबाईने उजव्या हातात लोटी घेतली आणि डाव्या हाताची बोटे त्यांच्या मनगटावर टेकवली. पायऱ्यांशी, आपल्या नेहमीच्या जागेच्या दोन पायऱ्या वर, सुभानजी उभा होता.

धुके हळूहळू विरले. आधी टेकडीचा पाया दिसला, मग उतार, मग चौकीचे छप्पर. मग काठी.

उघडी.

दर्याबाईने वाट पाहिली. दोरी अडकली असेल. नाईक म्हातारा झाला आहे. खाली पाण्यावर भाताचे पडाव पुढे पुढे येत होते, वल्ह्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि काठी तशीच होती, सोललेल्या हाडासारखी. चौकीच्या छपरातून धुराची एक बारीक रेघ निघाली होती. नाईकाने आपली शपथ पाळली होती.

“चढलं,” सुभानजी मधाळ आवाजात म्हणाला. “दाजी, निशाण चढलं. थंडी फार आहे, ‘दिसलं’ म्हणून टाका.”

रुमाजीरावांचे मनगट तिच्या बोटांखाली ताठ झाले. ते वाट पाहत होते. बोटे दाबत नव्हती. त्यांनी डोके किंचित तिच्याकडे कलते केले. पट्टीआडून माणूस जितके विचारू शकतो तितके विचारले.

दर्याबाईने भावाकडे पाहिले. त्याच्या ओठांवर हसू नव्हते. तो मान हलवत होता, अगदी बारीक, ‘दाब, आक्का, दाब’. आणि त्याचे डोळे भरले होते. ते अश्रू खरे होते. तेच तर अवघड होते.

मनगट न दाबता गप्प राहिली, तर एकीकडे बायकोची अबोल बोटे आणि दुसरीकडे मेहुण्याचा गोड शब्द, यांत किल्लेदारांनी अंदाज बांधला असता. आणि अंदाजाने ‘दिसलं’ म्हणायची त्यांच्या जिभेला दसऱ्यापासून सवय होती. तोंडाने सांगितले, तर सरनोबताचा शब्द आणि बायकोचा शब्द, दरवाजा कोणालाच ओळखत नव्हता. तो एकाच माणसाचे डोळे ओळखत होता. आणि दाऊदने बजावले होते, वारा नको, ऊन नको, हात नको.

लोटी तिच्या हातातून सुटली. दगडावर आपटून घणघणत पायऱ्या उतरत गेली. दर्याबाईने दोन्ही हातांनी नवऱ्याच्या डोक्यावरची शाल मागे फेकली, पट्टीची गाठ दातांनी तोडली, मधाची घडी उचलून काढली आणि सगळ्या गडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पाहा. स्वतः पाहा. जे आहे तेच म्हणा.”

उघड्या डोळ्यात वारा सुरीसारखा शिरला. रुमाजीरावांनी किंकाळी दाताखाली चावली. डोळा रक्तासारखा लाल होता, त्यातून घळघळा पाणी वाहत होते, समोर सगळे पाण्याखाली बुडाल्यासारखे हलत होते. त्यांनी पापणी बोटांनी फाकून धरली आणि थांबले. डोंगरामागून सूर्याची कड निघाली. नेमकी टेकडीच्या मागून, नेहमीसारखी थेट डोळ्यांत. पण चुन्याचा सडा झाला नाही. ऊन ऊनच राहिले, टेकडी टेकडी, आणि काठी...

“काठी उघडी आहे!” ते गरजले. त्या बुरुजावरून असा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. गोलंदाज जागच्या जागी थिजले. “धूर निघतोय, चौकी पडली! दरवाजा बंद ठेवा! त्या पडावांकडे बघा रे, भातानं भरलेला पडाव काठापर्यंत बुडतो. हे तरंगत येताहेत. पोत्यांखाली माणसं आहेत! तोफांना बत्ती!”

सुभानजी पायऱ्या उतरून धावत सुटला होता. “किल्लेदार आंधळा आहे!” तो ओरडत होता. “दसऱ्यापासून आंधळा आहे! निशाण चढलंय, मी पाहिलंय! गोमाजी, अडसर काढ!”

दरवाज्यावरचा म्हातारा पहारेकरी गोमाजी अडसरावर पाठ टेकून उभा राहिला. “सरनोबत,” तो म्हणाला, “इथनं मला पण काठी दिसती. आंधळ्याला उघडी दिसली, मला उघडी दिसली. तुमालाच कशी नेसलेली दिसली?”

तलवार उपसली गेली, पण चार भाले आधीच आडवे आले होते. त्याच वेळी पूर्वबुरुजावरची पहिली तोफ धडाडली, आणि तरंगत आलेल्या पडावांमधून पोती उसळून फिरंगी पाण्यात उड्या टाकू लागले.

*

दाऊद दुपारी आला तेव्हा पट्टी सोडायला पट्टीच उरली नव्हती. त्याने डोळा पाहिला, दर्याबाईकडे पाहिले, आणि पुष्कळ शिव्या मनातल्या मनात दिल्या असाव्यात, कारण बराच वेळ त्याची दाढी हलत होती. “वाचला,” तो शेवटी म्हणाला. “लाली महिनाभर राहील. वडस पुन्हा डोकं काढील कदाचित, अशा खुल्या जखमेला वारा लागला की काढतो. पहाटे उभं राहायचं तर डोळ्यांवर सावली हवी.”

म्हणून पुढे शंखगडचे किल्लेदार पूर्वबुरुजावर माडाच्या झावळीची रुंद टोपी घालून उभे राहू लागले, कोळ्यासारखी. शिबंदी पहिले काही दिवस हसली. नंतर अर्ध्या शिबंदीने तसल्याच टोप्या केल्या.

रुमाजीरावांनी हुजुरास सगळे कळवले, दसऱ्यापासूनचे ‘दिसलं’सुद्धा, आणि किल्ल्या ताटात ठेवून पाठवल्या. किल्ल्या परत आल्या. सोबत हुकूम आला की यापुढे निशाण दोघांनी पाहावे, दुसरे डोळे किल्लेदाराच्या घरातले असावेत. आणि फितूर सरनोबताला देहान्त. तेव्हा रुमाजीराव स्वतः मचव्यात बसून गेले, आपल्या सगळ्या चाकरीच्या बदल्यात एकच मागणे मागून आले. देहान्ताची जन्मकैद झाली, घाटावरच्या कुठल्याशा किल्ल्यात. बायकोने तसे काही मागितले नव्हते. “आसवांचा कोपरा ठेवायचा असतो,” एवढेच ते परत आल्यावर म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

ज्या सकाळी सुभानजीला बेड्या घालून होडीत बसवले, त्या सकाळी दर्याबाईने त्याला आपल्या हाताने काकवी-भाकरी भरवली होती. ओठांवरचा डाग तिने पदराने पुसला.

मग ती बुरुजावर आली. टेकडीवर नव्या नाईकाने नवा शंख चढवला होता. रुमाजीरावांनी टोपीखालून तो पाहिला. “दिसलं!” ते म्हणाले, आणि तिनेही म्हटले, “दिसलं.” दरवाजा करकरला. होडी बाहेर पडली आणि किनाऱ्याकडे निघाली, लहान होत होत. दर्याबाई तटाला टेकून पाहत राहिली. समुद्र आरशासारखा स्वच्छ होता; बसलेल्या माणसाच्या मानेवरच्या साखळीची कडीसुद्धा चमकताना दिसत होती. होडी वाळूला लागली. पहारेकऱ्यांसोबत माणूस उतरला. झाडीत शिरला.

“अहो,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्यानं मागं वळून पाहिलं का?”

रुमाजीरावांच्या डोळ्याला आता त्या किनाऱ्यावरचा खेकडासुद्धा दिसत होता.

“पाहिलं,” ते म्हणाले. “दोनदा.”

दर्याबाईचे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि होडी सुटल्यापासून तिने ते एकदाही मिटले नव्हते. तिने मान डोलावली, लोटी कलती केली, आणि चढत्या सूर्याला पाणी सोडले.